जवळचा आधारगट शोधायचा कसा, आणि पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला स्मृतिभ्रंश होऊन दोन वर्षं झाली, घरात सांभाळणारं माणूस एकटंच, डॉक्टरांनी आधारगटांची, म्हणजे एकाच प्रश्नातून जाणारी माणसं नियमित भेटून बोलतात अशा गटांची, यादी दिली पण त्यातले तीन नंबर लागतच नाहीत. मग गट शोधायचा कसा, आणि अनोळखी माणसांत जाऊन बसायचं कसं?

नंबर न लागण्याचं कारण साधं आहे. हे गट बहुतेक वेळा पगारी माणसं चालवत नाहीत. काळजी घेणारं कुणीतरी पुढाकार घेतं, स्वतःचा मोबाईल नंबर देतं आणि तो पत्रकात छापला जातो. पुढे त्यांच्या घरातलं आजारी माणूस जातं, किंवा ते स्वतःच थकतात. गट दुसऱ्याच्या हाती जातो, बसायची जागा बदलते, पण पत्रक जुनंच फिरत राहतं. म्हणून यादीला फार महत्त्व देऊ नका. गट सापडतो तो माणसाकडून.

१९८१ मध्ये सिसन आणि मॅलम्स या संशोधकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दारूच्या प्रश्नासाठी मदत घेणाऱ्या २० जणांपैकी अर्ध्यांना दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बैठकीची जागा आणि वेळ सांगून 'जरूर जा' म्हटलं गेलं. उरलेल्यांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच गटातल्या एका सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, आणि त्या सदस्याने सोबत यायची तयारी दाखवली. ज्यांची अशी ओळख करून दिली ते सगळे बैठकीला गेले. नुसता पत्ता मिळालेल्यांपैकी एकही गेला नाही. अभ्यास लहान आहे आणि विषय व्यसनाचा आहे, पण तुमच्या कामाची गोष्ट त्यात आहे. ज्यांनी यादी दिली त्यांना पुढच्या भेटीत म्हणा, "यातल्या कुणा एकाला आत्ता माझ्यासमोर फोन लावून द्याल का?"

डॉक्टरांना तेवढा वेळ नसेल तर दुसऱ्यांना विचारा. रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवक, स्मृती तपासणी विभागातल्या परिचारिका, समुपदेशक, भौतिकोपचार करणारे, उपशामक सेवा देणारे, दिवसभराचं काळजी केंद्र चालवणारे. यांच्याकडे घरची माणसं रोज येतात, त्यामुळे कोण कुठे भेटतं हे त्यांच्या कानावर असतं. विचारतानाही नेमकं विचारा. "आधारगट आहे का?" याला "हो, असतील की" एवढंच उत्तर मिळतं. "स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरच्यांचा नियमित भेटणारा गट कुणाला माहीत आहे का, आणि त्यांची शेवटची बैठक कधी झाली?" असं विचारलं की समोरचा आठवून सांगतो, नाहीतर माहीत असलेल्याचं नाव तरी देतो. आणखी एक मार्ग फारसं कुणी वापरत नाही. वाचनालयाचं सभागृह, समाजमंदिर, प्रार्थनास्थळाची खोली अशा जागांचं आरक्षण बघणाऱ्या माणसाला विचारा. दर मंगळवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं येऊन दार लावून बसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आजाराची देशपातळीवरची संघटना असेल तर तिच्या कार्यालयाला फोन कराच. स्मृतिभ्रंशासाठी अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल ही १९८४ मध्ये स्थापन झालेली जागतिक संघटना आहे. शंभराहून अधिक देशांतल्या संघटना तिच्या सदस्य आहेत आणि त्यांची नावं तिच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे तुमच्या गावाचं नाव दिसलं नाही म्हणून थांबू नका. "आमच्या भागात गट नसेल तर निदान संपर्कातलं एखादं कुटुंब आहे का?" असं विचारा. ते तुमचा नंबर त्या कुटुंबाकडे पोचवू शकतात. त्यांचा नंबर थेट तुम्हाला देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

इंटरनेटवर मराठीत शोधताना एक घोळ होतो. 'स्वयंसहाय्यता गट' असं टाकलं की बहुतेक बचत गटांचीच माहिती समोर येते. त्याऐवजी 'आधारगट', 'स्वमदत गट', 'मदतगट', 'रुग्ण संघटना', 'पालक संघ' हे शब्द आजाराच्या नावाला जोडून बघा. मानसिक आजारांच्या क्षेत्रात 'शुभार्थी' म्हणजे आजार असलेली व्यक्ती आणि 'शुभंकर' म्हणजे तिची काळजी घेणारी व्यक्ती, हे शब्द मराठीत रुळले आहेत. 'शुभंकर गट' असं शोधलं तर घरच्यांसाठीच्या बैठका सापडू शकतात. आजाराचं इंग्रजी नावही वापरा, कारण बरेच गट स्वतःचं नाव तसंच ठेवतात.

फोन उचलण्याआधी चार ओळी कागदावर लिहा: प्रश्न काय आहे, तो कुणाचा आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि मला काय हवंय. यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. रुग्णांचा गट आणि घरच्यांचा गट हे वेगळेच असतात. दारू पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये सुरू झालं, पण त्यांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन हा स्वतंत्र गट उभा करावा लागला. आईसमोर "मला आता तिची चीड येते" हे बोलता येत नाही, आणि काळजी घेणाऱ्याला नेमकं तेच बोलायचं असतं. टप्पाही बघा. नुकतंच निदान झालेल्यांच्या गटात कागदपत्रं, मृत्युपत्र, पैशाचे व्यवहार यांची चर्चा चालते. दोन वर्षं झालेल्यांना रात्रीचं भटकणं, अंघोळीला नकार आणि स्वतःची झोप यांवर बोलायचं असतं. आई साठीच्या आतली असेल, किंवा आजार विस्मरणाऐवजी वागणुकीतून सुरू झाला असेल, तर तेही फोनवर सांगा. अशा घरांचे प्रश्न बरेच निराळे असतात.

आता फोन. त्यांच्या शेवटच्या बैठकीची तारीख आणि साधारण किती जण येतात हे आधी विचारा. मागच्या दोन महिन्यांतली तारीख सांगता आली नाही, तर गट बंद पडला आहे असं समजायला हरकत नाही. मग विचारा: गट कोण चालवतं, स्वतः अनुभव घेतलेलं माणूस की समुपदेशक? कधीही यायला चालतं, की ठरावीक आठवड्यांचा वर्ग आहे आणि मध्येच प्रवेश नाही? बोलावंच लागतं का? पैसे घेतात का, घेत असतील तर कशासाठी? आणि तुमच्यासाठी नेमका प्रश्न हा: आईला घरी एकटं ठेवता येत नाही, मग काय करू? काही गट शेजारच्या खोलीत स्वयंसेवक बसवतात. काही ठिकाणी अल्झायमर कॅफे किंवा मेमरी कॅफे असतो. ही पद्धत १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये बेरे मीसेन यांनी सुरू केली. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र येतात, त्यामुळे मागे कुणाला ठेवायचा प्रश्न येत नाही. मनातलं सगळं तिथे बोलता येईलच असं नाही, पण घराबाहेर पडायला ती चांगली सुरुवात आहे.

फोन उचलला नाही तर निरोप ठेवा, पण त्यात आजाराचं नाव घेऊ नका. तो फोन घरातलं दुसरं कुणी ऐकू शकतं. "गटाबद्दल माहिती हवी होती, संध्याकाळी अमुक वेळेत बोलता येईल" एवढं पुरे. आठवडाभर थांबा, कारण पलीकडचं माणूसही कुणाला तरी सांभाळतंय. दोनदा प्रयत्न करून उत्तर आलं नाही की तो नंबर खोडा आणि पुढे चला. बैठकीच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन करा. सुट्टी, बदललेली खोली, कुलूप यांमुळे कित्येक जण पहिल्याच दिवशी दारावरून परततात आणि पुन्हा येत नाहीत.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा आणि समन्वयकाला सांगा, "मी नवीन आहे, आज फक्त ऐकणार आहे." एवढं वाक्य पुरतं, चांगल्या गटात त्यावर कुणी आग्रह करत नाही. पूर्ण नाव सांगायची गरज नसते. बैठक साधारण एक ते दीड तास चालते. काही गटांत, विशेषतः अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या, एकजण बोलल्यावर दुसरा त्यावर काही बोलत नाही, सल्लाही देत नाही. तुम्ही मन मोकळं करता आणि सगळे नुसतं 'धन्यवाद' म्हणतात. नवीन माणसाच्या मनाला हे फार लागतं, कुणाला आपली पर्वाच नाही असं वाटतं. तो नियम आहे, आणि बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडू नये, शहाणपण शिकवू नये म्हणून आहे. बैठक संपली की लगेच निघू नका, दहा मिनिटं थांबा. चहाच्या किंवा चपला घालण्याच्या वेळेतच खरी माहिती मिळते: कोणती परिचारिका चांगली आहे, गोळी घेत नसेल तर काय करायचं, रात्री फोन केला तर चालेल असं कोण आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवावीशी वाटते. पहिल्या बैठकीनंतर त्या रात्री अधिक वाईट वाटू शकतं. आजाराची पुढची पायरी तुम्ही पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून ऐकता. ते सहन होणार नाही असं वाटत असेल तर समन्वयकाला सांगा, "आधी एकाच व्यक्तीशी बोलायला आवडेल." बरेच समन्वयक अशी भेट जुळवून देतात. बैठकीनंतर त्या संध्याकाळी दुसरं काम ठेवू नका.

एका बैठकीवरून मत बनवू नका. त्या दिवशी कोण आलं होतं यावर सगळं अवलंबून असतं. अल-अनॉन नव्या माणसाला निदान सहा बैठकांना या असं सुचवतं. मला स्वतःला तीन-चार पुरेशा वाटतात, पण एका अटीवर: त्या लागोपाठच्या हव्यात. बघायचं काय? सगळ्यात गप्प माणसाचं तिथे काय होतं ते बघा. त्याला बोलायला जागा मिळते का, नाही बोललं तरी तो पुन्हा येतो का? एकच माणूस अर्धा वेळ बोलत असेल आणि समन्वयक त्याला थांबवत नसेल, तर तो गट हळूहळू रिकामा होतो. नुसतं रडगाणं चालतं आणि कुणी "आम्ही असं करून बघितलं" म्हणत नाही, तिथेही काही महिन्यांत माणूस जास्तच खचतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र दुसऱ्यांदा जाऊ नका. औषधं बंद करा असं सांगणं. पूर्ण बरं करण्याची हमी. तेल, चूर्ण, विमा किंवा उपकरण विकणं. न विचारता फोटो काढणं. "गट सोडलास तर तुझं वाईट होईल" अशी भीती. मागच्या बैठकीत कुणीतरी सांगितलेलं नावानिशी दुसरीकडे बोललं जाणं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या स्वतःच्या पत्रकातही बजावलं आहे की कुणाही सदस्याने डॉक्टर बनू नये. तिथे सदस्यत्वाला शुल्क नसतं, ऐच्छिक वर्गणीवर काम चालतं आणि बाहेरच्या देणग्या नाकारल्या जातात. इतर गटांनी खोलीच्या भाड्यापुरते पैसे घेतले तर त्यात वावगं नाही, फक्त हिशेब सगळ्यांसमोर असावा.

गटाच्या मर्यादाही सांगतो. जीव नकोसा झाला असेल, किंवा संतापाच्या भरात आईवर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तातडीच्या सेवेला गाठा. इतर वाचकांपैकी कुणाच्या घरी रोज भरपूर दारू पिणारं माणूस असेल, तर बैठकीला जायच्या उत्साहात त्याला एकदम दारू बंद करायला लावू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक.

जवळ गट नसेलच तर ऑनलाइन बैठक चालते. ठरावीक दिवस, ठरावीक वेळ आणि चालवणारं माणूस असलेली निवडा. शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि दिवसभर येणाऱ्या संदेशांतून आधारापेक्षा घबराट जास्त मिळते.

आणि दोन कुटुंबं मिळाली तर स्वतःच सुरू करा, पण घरात सध्या धामधूम असेल तर आत्ता नको. रुग्णालय किंवा वाचनालयाकडून महिन्यातून एकदा दीड तासासाठी खोली मागा. कुणाच्या घरी नको, कारण यजमानाची अडचण झाली की बैठक बुडते. नियम एका कागदावर लिहा: इथलं इथेच राहील, औषधांचा सल्ला नाही, विक्री नाही, प्रत्येकाला सारखा वेळ. सहा ते बारा माणसं चांगली. पंधराच्या वर गेली की दोन तुकड्या करा, नाहीतर निम्म्यांना बोलायलाच मिळत नाही. किल्ली, फोन आणि निरोप ही तीन कामं पहिल्याच दिवशी तिघांत वाटा, कारण एकाच माणसावर चाललेला गट ते माणूस आजारी पडलं की थांबतो. दोघंच असाल तर तिसरं कुणी येईपर्यंत फोन आणि निरोप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. सुरुवातीच्या सहा बैठकांच्या तारखा आधीच ठरवून सूचना फलकावर लावा. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही तरी ठरलेला पूर्ण वेळ तिथे बसा. उशिरा आलेलं माणूस बंद दार बघून परत जायला नको.