अबिस ओलांडला म्हणे!

प्रश्न : मी २६ वर्षांचा, आयटीत आहे. पाश्चात्त्य ऑकल्ट, म्हणजे गूढविद्या, शिकवणाऱ्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे, अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याची सिस्टीम, दर ग्रेडची वेगळी फी. वर्षही झालं नाही आणि आमचे सर म्हणतात की तू आता अबिस, म्हणजे ती मोठी दरी, ओलांडतोयस, तुझा ईगो विरघळतोय. खरंच ‘मी’ असं कोणी उरलंच नाहीये असं वाटतं, रात्री दोन-तीन तास झोप, जेवण नकोसं, आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर, होर्डिंगवर, सगळीकडे माझ्यासाठी मेसेज दिसतात. सर म्हणतात शुभ लक्षण आहे, नोकरी सोड. आई रडत असते. मी नेमका कुठल्या स्टेजला आहे? (पुणे)

उत्तर : मित्रा, स्टेजचं नंतर बघू, आधी झोप. इतकी कमी झोप, भूक गेलेली, आपण आपण नाहीच असं वाटणं आणि नंबरप्लेटवर निरोप दिसणं, हे सगळं एकत्र आलं की याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं, आईला बरोबर घेऊन. आजच कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. साधना तोवर पूर्ण बंद आणि राजीनामा तर अजिबात नाही.

आता तुझ्या सरांची सिस्टीम. ग्रेडची ही शिडी मूळ लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संस्थेची, १८८८ ची. कबाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, तिच्या झाडाला दहा स्थानं, त्यावर ग्रेड बसवलेल्या, आणि वरच्या तीन ग्रेड जिवंत माणसाच्या नाहीतच असं तिथे धरायचे. क्रोली १८९८ मध्ये तिथे शिरला, मग भांडणं वगैरे होऊन बाहेर पडला आणि १९०७ मध्ये जॉर्ज सेसिल जोन्सबरोबर स्वतःची संस्था काढली, तिचं नाव नुसतं ए. ए., आणि तिथे त्याने त्या वरच्या तीन ग्रेडही माणसाला खुल्या केल्या. खालून चढत जायचं, मध्यावर आपल्या ‘पवित्र रक्षक देवदूता’शी ओळख आणि संवाद, ही खरी मोठी पायरी, तिच्याही वर दोन ग्रेड, आणि त्यानंतर ही दरी, अबिस. आपलं म्हणून जे काही जमवलंय, ज्ञान, सिद्धी, नाव, ते सगळं तिथे सोडायचं. जो सोडत नाही, ‘मी’ला धरून बसतो, तो त्यांच्या भाषेत काळा बंधू.

म्हणजे अबिस ही शेवटाकडची गोष्ट. आणि त्याच संस्थेचे नियम बघ ना! पहिला उमेदवारीचा काळच किमान एक वर्षाचा, आणि त्यात काम काय तर रोजची डायरी. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आपल्याला फक्त आपल्या वरचा आणि आपण आणलेले एवढेच माहीत असायचे, म्हणजे ग्रुप वगैरे भानगडच नाही. तुमच्या सरांकडे फी आहे, ग्रुप आहे, आणि वर्ष व्हायच्या आत तुला दरीच्या काठावर नेऊन ठेवलंय. मग ही सिस्टीम क्रोलीची कशी हे त्यांनाच विचार (म्हणजे बरा झालास की विचार).

नंबरप्लेटचंही तेच. दरीपलीकडच्या ग्रेडच्या शपथेत एक कलम आहे की घडणारी प्रत्येक गोष्ट हा देवाने माझ्या आत्म्याशी केलेला खास व्यवहार आहे असं मानीन. बऱ्याच वर्षांच्या डायरीने तासलेल्या माणसासाठी लिहिलेलं हे कलम नवख्याच्या हातात आलं की होर्डिंगसुद्धा बोलायला लागतं. क्रोलीच्याच चार्ल्स स्टॅन्सफेल्ड जोन्स नावाच्या शिष्याने १९१६ मध्ये खालच्या ग्रेडवरून थेट ही शपथ घेतली, मधल्या पायऱ्या गाळून. आधी गुरूने डोक्यावर घेतलं, पुढे दोघांचं पार फाटलं.

खुद्द क्रोलीचं बघायचं तर ६ डिसेंबर १९०९ ला अल्जीरियात बू सादाजवळच्या वाळूत, व्हिक्टर न्यूबर्ग हा कवी-शिष्य वर्तुळात वही घेऊन बसलेला, आणि दरीचा जो राक्षस मानतात, कोरोन्झन, त्याला बोलावलं. न्यूबर्गने लिहून ठेवलंय की त्या राक्षसाने वर्तुळावर वाळू टाकून रेघ पुसली आणि अंगावर धावून आला. क्रोलीच्या मते इथे दरी ओलांडली गेली, आणि १९२१ मध्ये तर सिसिलीत त्याने सगळ्यात वरची ग्रेडही स्वतःला घेतली. त्यानंतरचा माणूस कसा होता? दम्यासाठी डॉक्टरने दिलेल्या हेरॉइनचं व्यसन, शिष्यांशी भांडणं, कोर्टकज्जे, १९३५ मध्ये दिवाळं. अनुभव खोटा होता असं मी म्हणणार नाही, ते मला बाहेरून ठरवता येत नाही, पण ‘मी’ काही कुठे गेलेला दिसत नाही. तेव्हा तुझा ईगो विरघळला हे सर झूम कॉलवर ठरवत असतील तर त्याला किती किंमत द्यायची ते तूच बघ.

प्रश्न : क्रोलीने हे सगळं आपल्या योगातूनच चोरलंय ना? (ठाणे)

उत्तर : चोरलंय कशाला, शिकलाय. १९०१ मध्ये क्रोली सिलोनला कँडीत ॲलन बेनेटकडे आसन, प्राणायाम, ध्यान शिकला, हा बेनेटही गोल्डन डॉनचाच. शिडीचा सांगाडा मात्र कबालाचा, तो आपला नाही. बेनेट पुढे ब्रह्मदेशात गेला, बौद्ध भिक्खू झाला, आनंद मेत्तेय्य नावाने, आणि मंत्रतंत्र, ग्रेड सगळं मागे टाकलं. मला विचाराल तर या मंडळींत वाचण्यासारखं चरित्र त्याचं.

प्रश्न : ‘मी’ म्हटलं की स्वतःच्या हातावर ब्लेड मारायचं, असा अभ्यास वाचला. आठवडाभर करून बघू का? (नाशिक)

उत्तर : अभ्यास खरा आहे, क्रोलीनेच लिहिलाय. करायचा नाही. दर वेळी वहीत एक रेघ मारा, रात्री मोजा, आणि ‘मी’ कुणासमोर जास्त निघतो ते बाजूला लिहा. साहेबांसमोर की बायकोसमोर, एवढं कळलं तरी पुष्कळ काम झालं.