एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) स्टेनलेस एक्झॉस्ट बसवल्यापासून कान किटतात. आवाज कमी कसा करू?

पुढे-मागे दोन डबे (सायलेन्सर) असलेली मूळ घडणीची सिस्टिम परत बसवा, आवाज बराच उतरेल. स्टेनलेसचे बरेच सायलेन्सर आरपार असतात: भोकं पाडलेली सरळ नळी, भोवती काचलोकर. ती लोकर जळून उडाली की डबा नुसता वाजतो. पण खर्चाआधी गळती बघा. उघड्यावर थंड इंजिन सुरू करून मागच्या नळीच्या तोंडावर ओलं, जाड फडकं दोन-चार सेकंद दाबा. मॅनिफोल्ड (इंजिनाला लागून धूर गोळा करणारा भाग) आणि डाउनपाइप (तिथून खाली उतरणारी नळी) यांच्या सांध्यात फुसफुस झाली तर तिथली सीलची रिंग बदला, नट पितळीच लावा. लोखंडी गंजले की स्टडसकट (ज्या आट्याच्या दांडीवर नट बसतो तिच्यासकट) तुटतात. घुमणं ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या फेऱ्यांच्या वेगाला) होत असेल तर मात्र नळी बॉडीला टेकतेय का आणि हँगरचे (नळी टांगून धरणाऱ्या आधारांचे) रबर ठीक आहेत का ते पाहा. तिथे नवा डबा लावून फरक पडणार नाही.