व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील न्यूमोनियामुळे तीन दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, आणि 'मेलेल्या माणसालाही बिलासाठी मशीनवर ठेवतात' असा व्हिडिओ बघून काका त्यांना घरी न्या म्हणताहेत. मी कोल्हापुरात आयसीयूत डॉक्टर आहे. नातेवाइकांच्या मोबाइलवर असले व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिलेत.

व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो, एवढंच. हृदय चालवणं त्याच्या हातात नाही. ते थांबलं की अंग गार पडतं, काही तासांत ताठ होतं. मशीननं छाती वरखाली होत राहिली तरी हे लपवता येत नाही. लोकांचा गोंधळ होतो तो ब्रेन डेडमुळे. तिथं मेंदू कायमचा थांबलेला असतो, पण मशीनच्या आधारानं हृदय काही काळ चालतं, हात गरम लागतो. अवयवदानासाठी ते जाहीर करायचं तर १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करावी लागते.

एका पावसाळ्यात राधानगरीकडच्या एक मावशी आल्या होत्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या, पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या. मण्यार चावली होती. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही की सुजत नाही, त्यामुळे घरच्यांना सापाची शंकाही आली नव्हती. तिच्या विषानं नसांची टोकं निकामी होतात. प्रतिविष दिलं तरी ती भरून यायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास मशीननंच घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मावशींची पापणीही हलेना. पाव्हणे म्हणाले, "डॉक्टर, मशीनवर गेलेलं माणूस परत येतंय व्हय? घरी न्हेतो." मी मुलाला आत नेलं आणि मावशींच्या कानाशी वाकून म्हणालो, "मावशी, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

अंगठा हलला. जेमतेम, पण हलला. मुलगा ते पाऊल धरून तिथंच उभा राहिला. आठव्या दिवशी मशीनची श्वासाची नळी निघाली. मग मावशींनीच सांगितलं, कॉटशेजारी उभं राहून कोण काय बोललं ते सगळं त्यांना ऐकू येत होतं.

व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक जण परत येतो असं मात्र मी म्हणणार नाही. वय, जुने आजार, किडनी-लिव्हर किती साथ देताहेत, यावर फार अवलंबून असतं. म्हणून उद्या राउंडला डॉक्टरांना नेमकं विचारा: ऑक्सिजन किती टक्के लागतोय, कालपेक्षा कमी की जास्त? बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, त्याच्या जवळ आकडा येत असेल तर फुप्फुस सुधारतंय. लघवी होतेय का? बीपी टिकवून धरायचं औषध वाढलं की उतरलं? बिलाची शंका असेल तर तपशीलवार बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. पण बिलाच्या रागात नळी काढायला लावू नका. फुप्फुस तयार नसताना ती निघाली तर वडील घरापर्यंत पोचणारही नाहीत.

आणि काकांना एकदा आत न्या. झोपेचं औषध चालू असलं तरी वडिलांशी नाव घेऊन, नेहमीच्या आवाजात बोलू द्या. घरी न्यायचं की नाही, ही चर्चा मात्र बाहेर येऊन करा.