नागपूरच्या उन्हात ॲश ब्राऊन टिकेल का? कमी कटकटीचा कट आणि कलर कोणता करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मनीषनगरहून मिहानपर्यंत रोज स्कूटीवर ये-जा, केस दाट, थोडे लाटदार, पाठीच्या मध्यापर्यंत. चेहऱ्याला शोभेल असा कट हवा, सहा महिने पार्लरचं तोंड बघावं लागू नये असा कलर हवा, आणि मोबाईलमध्ये ॲश ब्राऊनचा, म्हणजे राखाडी छटेच्या तपकिरी केसांचा, एक फोटो जपून ठेवला आहे.

तो फोटो काढून टाका. नागपुरात स्कूटी चालवणाऱ्या बाईने ॲश ब्राऊन करू नये. हे मी केसांना रंग लावण्याच्या कामातून सांगते आहे. ज्या डोक्यांवर हा रंग चढवला गेला, तीच डोकी दोन-तीन महिन्यांनी दुरुस्तीला येतात.

शेड कार्डावर केसांना काळ्यापासून उजळाकडे एक ते दहा असे नंबर असतात. आपले केस साधारण दोन-तीन नंबरचे, म्हणजे जवळजवळ काळे. ते उजळायला लागले की आधी लाल दिसतात, मग तांबूस-नारिंगी, मग नारिंगी, पुढे पिवळे. फोटोतला थंड राखाडी-तपकिरी रंग दिसायला केस निदान सातपर्यंत न्यावे लागतात, आणि सातला आपल्या केसात नारिंगी-पिवळा ठासून भरलेला असतो. ॲश त्यावर नुसती निळसर छटा पसरवतो. नारिंगी जात नाही, झाकला जातो. धुणं, घाम, ऊन यांनी ती छटा उतरते आणि खालचा नारिंगी उघडा पडतो. त्यात ऊन स्वतःही केसातलं रंगद्रव्य तोडून त्यांना आणखी उजळवतं. म्हणजे वरून झाकण जातं आणि खालून नारिंगी वाढतो. मे अखेरचा नवतपा लागेपर्यंत फेब्रुवारीतल्या ॲशचा मागमूसही राहत नाही.

एक डोकं सविस्तर सांगते, कारण ते अगदी तुमच्यासारखं होतं. बँकेत नोकरी, दुचाकी, दुपट्टा बांधून प्रवास. फेब्रुवारीत एका पार्लरमध्ये फोटो दाखवून ७.१ शेडचा (सात नंबरचा ॲश) ग्लोबल कलर केलेला, तोही ४० व्हॉल्यूम डेव्हलपरवर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड), टाळूपासून टोकापर्यंत एकाच वेळी. त्याआधी काही वर्षं पाकिटातली काळी मेंदी. मे महिन्यात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आत ट्यूबलाइटखाली सगळं तपकिरीच दिसत होतं. खिडकीत उभं केल्यावर डोकं चार पट्ट्यांचं निघालं. टाळूपासून साडेतीन सेंटीमीटर त्यांचे स्वतःचे काळे केस. मग दीड सेंटीमीटर गाजराच्या रंगाचा पट्टा. त्याखाली जुन्या तांब्यासारखा मधला भाग. आणि शेवटचे चार इंच मेंदीचे, कोळशासारखे.

गाजरी पट्टा का आला? टाळूजवळच्या पहिल्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरला अंगाची ऊब मिळते, तिथे रंग भराभर काम करतो. म्हणून न रंगवलेल्या केसांवर उजळ शेड लावताना आधी मधला भाग घ्यायचा आणि मुळं शेवटी. इथे मुळं पहिल्यांदा घेतली होती आणि वर ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. टोकं काळीच का राहिली? आधीचा रंग नव्या रंगाने उजळत नाही. मेंदीवर किंवा जुन्या डायवर ७.१ लावा नाहीतर ९.१, तो भाग जागचा हलत नाही.

त्यांना परत ॲशच हवा होता. होकार देण्याआधी दोन तपासण्या केल्या, आणि मेंदी किंवा घरचा डाय लावलेल्या कोणीही त्या मागून घ्याव्यात. पहिली, काचेच्या ग्लासात ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर, त्यात २० थेंब तीव्र अमोनिया, आणि एका टोकाला चिकटपट्टीने बांधलेले दहा-पंधरा केस अर्धा तास बुडवून ठेवायचे. मिश्रण गरम झालं, बुडबुडे आले, उग्र वास सुटला किंवा केसांचा रंग झटकन बदलला, तर त्या मेंदीत धातूचे क्षार आहेत. तिथे पेरॉक्साइडचं काम करायचं नाही, तो भाग कापायचा. त्यांच्या ग्लासात काही झालं नाही. दुसरी तपासणी ताणाची. ओला निरोगी केस हळू ओढला तर तीसेक टक्के लांबतो आणि सोडला की परत येतो. त्यांच्या गाजरी पट्ट्यातला केस रबरासारखा लांबला, तसाच लोंबत राहिला आणि दुसऱ्या ओढीला तुटला. अशा केसाला पुन्हा ब्लीच लावणं म्हणजे मुळापासून पाच सेंटीमीटरवर तो तोडणंच.

मग असं केलं. मेंदीची चार इंच टोकं कापली. वरचे काळे केस अजिबात हलवले नाहीत. गाजरी पट्ट्यासाठी ३० ग्रॅम ४.० आणि १० ग्रॅम ४.१, डेमी-परमनंट (केस न उजळवता नुसती छटा देणारा, हळूहळू उतरणारा कलर), ८० मिली ६ व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये. ॲशचं काम एवढंच, नारिंगी मारायला पाव हिस्सा. मधल्या तांबूस भागावर ४० ग्रॅम ५.३ आणि ८० मिली तोच डेव्हलपर. दोन्ही मिळतात तिथे रुंद दातांच्या कंगव्याने दोन सेंटीमीटर खाली ओढून सीमा पुसली. वीस मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुतलं. वर काळा, मग गडद तपकिरी, खाली सोनेरी-तपकिरी असा उतार तयार झाला. नोव्हेंबरमध्ये त्या आल्या तेव्हा मुळं आणखी सहा-सात सेंटीमीटर वाढली होती आणि रंगाची रेघ कुठे शोधून सापडत नव्हती. मधल्या काळात त्यांनी केसांवर एक पैसा खर्च केला नव्हता.

तुमचे केस न रंगवलेले असतील तर काम याहून सोपं. मुळांना हात लावायचा नाही. टाळूपासून सहा-सात सेंटीमीटर सोडून खाली पेन्सिलीएवढ्या जाड सोळा ते वीस बटा निवडायच्या, त्यांपैकी दोन चेहऱ्यालगत. शेड ५.३, म्हणजे सोनेरी तपकिरी. बऱ्याच कंपन्यांत टिंबानंतरचा १ म्हणजे ॲश, ३ म्हणजे गोल्ड, ४ म्हणजे कॉपर. ब्लीच नको. परमनंट कलर ३० व्हॉल्यूमवर, एकास दीड प्रमाणात: ६० ग्रॅम कलर असेल तर ९० मिली डेव्हलपर. बटेच्या वरच्या टोकाला ब्रश हलका, खाली जाताना भरगच्च. ३५ ते ४० मिनिटं, वरून उष्णता द्यायची नाही. केस महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. मूळच रंगवलेलं नसल्याने वाढ दिसत नाही, आणि उन्हाने बटा थोड्या आणखी उजळल्या तरी त्या सोनेरीकडेच जातात. ऊन रंगाला ज्या दिशेने ओढणार आहे, त्याच दिशेचा रंग निवडला की झालं.

कटबद्दल. लांबी कॉलरबोनच्या दोन बोटं खाली. बरोबर खांद्यावर टेकणारी लांबी घेऊ नका, केस खांद्याला आपटून बाहेर वळतात आणि रोज ड्रायर लागतो. खालची रेघ जवळजवळ सरळ, आतून लांब लेयर्स दोन किंवा तीन, बस. फ्रिंज नको: हेल्मेटखाली घामाने ती कपाळाला चिकटते आणि दुपारी मीटिंगमध्ये वेगळीच उभी राहते. त्याऐवजी पुढची बट एवढी लांब ठेवा की कानामागे जाईल आणि रबरात सापडेल. ती कुठे संपते त्यावर चेहरा ठरतो. गोल चेहऱ्याला हनुवटीच्या खाली, लांबट चेहऱ्याला गालाच्या हाडापाशी. गोल चेहऱ्याच्या सगळ्यात रुंद जागेवर कधीच नाही. भांग मध्यापासून अर्धा इंच बाजूला घ्या आणि आठवड्याने जागा बदला, म्हणजे टाळूची एकच रेघ उन्हात भाजत नाही. अंबाडा किंवा पोनी मानेलगत खाली बांधा, उंच पोनीवर हेल्मेट नीट बसत नाही.

थिनिंग कात्री बाहेर काढली की हात धरा. "केस दाट आहेत, हलके करून देते" हे वाक्य लाटदार केसांसाठी सगळ्यात महागात पडणारं आहे. आतले केस तोकडे होतात, जुलैतल्या दमट हवेत ते ताठ उभे राहतात आणि वरचे केस उचलून धरतात. मग बाई म्हणते केस राठ झाले. राठ झालेले नसतात, आतून तोडलेले असतात, आणि ते वाढून मूळ लांबीला यायला दोन वर्षंही लागतात. ओले लाटदार केस वाळल्यावर इंचभर वर चढतात, म्हणून शेवटची रेघ वाळलेल्या केसांवर घ्यायला सांगा.

देखभाल म्हणाल तर कोणत्याही स्प्रेपेक्षा सुती दुपट्टा भारी. केस आत घेऊन बांधा, नुसता चेहरा नको. आणि ओल्या केसांवर बांधू नका. वरून हेल्मेट चढलं की आत दमटपणा कोंडतो आणि कोंडा होतो. आठवड्यातून दोनदा धुणं पुरे. धुण्याआधी अर्धा तास मधल्या भागापासून टोकापर्यंत दोन चमचे खोबरेल लावा. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. नव्या लेआऊटमध्ये बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन लिटर आरओ फिल्टरचे घ्या. जड पाण्यातला चुना केसावर बसून चांगल्या रंगालाही मातकट करतो. पोहायला जात असाल तर आधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवून मगच उतरा. जांभळा शॅम्पू घेऊ नका, तो पिवळ्यावर चालतो. नारिंगीवर निळा लागतो, आणि वर सांगितलेल्या कलरला दोन्ही लागत नाहीत. चार महिन्यांनी चमक गेल्यासारखी वाटली तर ५.३ चं डेमी पंधरा मिनिटं, एवढंच.

आता आमच्या धंद्यातल्या एका वादाबद्दल, कारण तुमच्यासमोर तो पार्लरमध्ये येणारच. बरेच कलरिस्ट अजूनही मानतात की उबदार शेड म्हणजे बिघडलेला, 'ब्रासी' कलर, आणि थंड शेड म्हणजे कौशल्य. हे साफ चूक आहे. ब्रासी तो, ज्यात नारिंगी उघडा आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तोच नारिंगी तपकिरीत मुरवला की त्याला चेस्टनट म्हणतात, आणि गव्हाळ वर्णावर, भर दुपारच्या प्रकाशात, त्याच्याइतकं काही खुलत नाही. राखाडी छटा गव्हाळ चेहऱ्यावरचा तजेला शोषून घेते, डोळ्यांखालचं काळं आणखी गडद दिसतं. ॲशचे फोटो मुळात उजळ केसांवरचे असतात, ढगाळ प्रकाशात किंवा रिंगलाइटखाली काढलेले. वर्धा रोडवरच्या दुपारी दोनच्या उन्हात काढलेला ॲश ब्राऊनचा फोटो कोणी दाखवत नाही. आणि टोनर, म्हणजे वरून दिलेली छटा, तीन-चार आठवड्यांत उतरतो हे माहीत असूनही गिऱ्हाइकाला 'सहा महिने टिकेल' सांगणं, ही फसवणूक आहे. थंड रंग ज्यांना खरंच हवा त्यांनी करावा, पण दर महिन्याच्या फेऱ्या आणि खर्च आधी सांगितला गेला पाहिजे. रंग ठरवताना शेड कार्ड घेऊन दुकानाच्या दारात या, गालाजवळ धरा, आरशात बघा. आतल्या दिव्याखाली ठरवू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पांढरे केस पावपेक्षा जास्त असतील तर मुळं सोडण्याची ही रीत चालणार नाही. मग भांगाजवळ अगदी बारीक उजळ बटा घेऊन पांढरे त्यांत मिसळावे लागतात, आणि दोन-अडीच महिन्यांनी हात फिरवावा लागतो. घट्ट कुरळे केस असतील तर लांबी इंच-दोन इंच जास्त ठेवा. नुकतंच स्मूदनिंग केलं असेल तर निदान दोन आठवडे परमनंट कलर नको, आणि उजळवायचं असेल तर ताणाची तपासणी केल्याशिवाय अजिबात नको. कलरच्या ४८ तास आधी कानामागे त्याच कलरचा ठिपका लावून बघा, पार्लरवाली "काही होत नाही" म्हणाली तरी. काळ्या मेंदीने किंवा डायने आधी कधी खाज, पुरळ, पापण्यांना सूज आली असेल तर ते बहुधा पीपीडी या रसायनामुळे. तेच किंवा त्याच्याच जातीचं रसायन बहुतेक परमनंट कलरमध्ये असतं. तेव्हा नुसता कट करा, आणि कलरसाठी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.