वाचकांचे प्रश्न : त्या शाळा कुणी बांधल्या?

प्रश्न : आमच्या सरकारी मराठी शाळेत अमेरिकेतील कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र मुले आवडीने ऐकतात. ते वाचताना एक शंका येते. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या, हाती पैसा नसलेल्या तेथील कृष्णवर्णीय समाजासाठी शाळा बांधल्या कुणी? सरकारने, मिशनऱ्यांनी की कुणा दानशूराने?
— एक शिक्षक, तालुका खानापूर

उत्तर : वाटा तिघांचाही होता, परंतु ज्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो तो चौथा वाटा त्या समाजाचा स्वतःचा आहे. कार्व्हर यांचेच पाहा. त्यांच्या गावच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून ते लहानपणीच मिसूरी राज्यातील निओशो येथे गेले. तेथे मारिया वॉटकिन्स या सुईणीने त्यांना घरात ठेवून घेतले आणि घरकामाच्या मोबदल्यात त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. पुढे १८९६ मध्ये ते ज्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत शिकवण्यासाठी दाखल झाले, ती कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून अलाबामात उभी केली होती आणि तिच्या इमारतींच्या विटाही विद्यार्थ्यांनीच पाडल्या होत्या.

खेड्यांतील शाळांचा इतिहास मला याहून महत्त्वाचा वाटतो. सीअर्स-रोबक या टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने टस्कीगीच्या परिसरात प्रथम सहा शाळांना मदत केली. १९३२ पर्यंत दक्षिणेकडील १५ राज्यांत अशा सुमारे ५,००० शाळा झाल्या. बहुतेक लेख या दानशूराच्या नावापाशी थांबतात. मात्र रोझेनवाल्ड यांच्या निधीची अट अशी होती की गावकऱ्यांनी आपला हिस्सा उभा करावा आणि शाळा स्थानिक प्रशासनाने आपल्या ताब्यात घेऊन चालवावी. त्यामुळे कुणी जमीन दिली, कुणी लाकूड दिले, ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांनी श्रमदान केले, आणि काही गावांत शेतकऱ्यांनी कापसाच्या शेताचा एक तुकडा केवळ शाळेसाठी राखून ठेवला. हिशेब झाला तेव्हा निधीचे सुमारे ४३ लाख डॉलर आणि कृष्णवर्णीयांनी दिलेले सुमारे ४७ लाख डॉलर असे आकडे निघाले. उरलेली मोठी रक्कम मुख्यतः करांतून आली. हे लोक करही भरतच होते आणि त्या करांतून गोऱ्या मुलांच्या शाळांना झुकते माप मिळत होते, म्हणजे आपल्याच मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना दोनदा पैसे मोजावे लागले.

या इमारतींची रचनाही मुलांना अवश्य सांगावी. वीज नसल्याने खिडक्या उंच आणि ओळीने, तर दोन वर्गांमधील भिंत सरकवता येण्याजोगी असे. ती सरकवली की सभा, नाटक आणि सहभोजन यांसाठी सभागृह तयार होई, आणि संध्याकाळी शाळा हीच गावाची चावडी होई.

वर्गणी आणि श्रमदानातून शाळेची खोली उभारणे आपल्या सीमाभागाला नवे नाही, तरीही दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. दक्षिण कॅरोलायनात १७४० पासून गुलामांना लिहायला शिकवणे हाच गुन्हा होता. तेथून निघालेल्या या समाजात १८७० मध्ये सुमारे ८० टक्के लोक निरक्षर होते. १९१० मध्ये ते प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. आणखी एक कडू बाजू सहसा सांगितली जात नाही. १९५४ च्या न्यायालयीन निकालाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या आणि तो निकाल योग्यच होता. पण पुढे शाळांचे एकत्रीकरण झाले तेव्हा बंद पडल्या त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या.

प्रश्न : आमच्या स्त्रीशक्ती संघातील वडीलधाऱ्या बायका अजून अंगठा उठवतात. प्रौढ साक्षरतेचे वर्ग सुरू होतात आणि महिन्याभरात ओस पडतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचे प्रौढांचे वर्ग कसे टिकले?
— एक भगिनी, निपाणी

उत्तर : दक्षिण कॅरोलायनात मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. जॉन्स आयलंड या बेटावरील एसॉ जेंकिन्स आपल्या बसमधील प्रवाशांना तो वाटेत शिकवीत. नागरी हक्कांच्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्यास नकार दिल्याने १९५६ मध्ये शिक्षिकेची नोकरी गमावलेल्या क्लार्क यांनी जेंकिन्स यांच्या साथीने १९५७ मध्ये तेथे वर्ग सुरू केला. पुढच्या बाजूला सहकारी दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग अशी व्यवस्था होती, जेणेकरून गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला बर्नीस रॉबिन्सन यांना निवडले. त्या केशरचनेचा व्यवसाय करीत आणि त्यांनी पूर्वी कधी वर्ग घेतला नव्हता. क्लार्क यांना पढीक शिक्षिका नको होती, ऐकून घेणारी बाई हवी होती. रॉबिन्सन यांनी आधी विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरे आली : स्वतःची सही करणे, बायबल वाचणे, मनीऑर्डर भरणे. तेच धडे झाले. वर्ग शेतीची कामे थंडावलेल्या हिवाळ्यात, संध्याकाळी भरत.

आपणही तंबाखूच्या कामाची धांदल नसलेले महिने निवडावेत आणि अंकलिपीऐवजी पासबुक व बँकेच्या स्लिपपासून आरंभ करावा. शिकवणारी बाई शक्यतो संघातलीच असावी. बाहेरून आलेल्या पदवीधर मुलीपुढे साठीतल्या बाईला चुकायला संकोच वाटतो.

प्रश्न : महात्मा फुले यांनी अमेरिकेतील लोकांना ग्रंथ अर्पण केला होता, हे खरे आहे काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : होय. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. डू बॉइस यांनी त्या पत्राला उत्तरही दिले.