वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं : खिसा हलका असताना गिफ्ट काय द्यायचं?

प्रश्न : ताई, माझी नोकरी गेलीये, नवीन मिळायला अजून वेळ आहे आणि पुढच्या महिन्यात बायकोचा वाढदिवस. दरवर्षी काहीतरी भारीतलं आणायचो, यंदा ते जमणार नाही. स्वस्तातलं दिलं तर ती बोलणार काही नाही पण मनातून खट्टू होईल. सरप्राइज पण द्यायचंय. सुचवा ना काहीतरी.

उत्तर : अरे, ते खट्टू होण्याचं आधी डोक्यातून काढ. ही धाकधूक देणाऱ्यालाच असते, आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या दोघांनी २००९ मध्ये याच्यावर अभ्यास केलाय, त्यात साखरपुड्याच्या अंगठ्यांबद्दल विचारलं होतं. देणाऱ्यांना वाटत होतं की जितकी महाग तितकी तिला जास्त आवडली असणार. घेणाऱ्यांच्या उत्तरात मात्र किमतीचा आणि आवडण्याचा काही संबंधच दिसला नाही.

आता गिफ्ट कुठे शोधायचं, तर दुकानात नाही, तिच्या कुरकुरीत. माणूस दिवसभरात सहज बोलून जातो ना, "या चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचतच नाही", "माझा चष्मा पुन्हा कुठे गेला", "ही बॅग एवढी चांगली होती पण चेन गेली", ते सगळं आजपासून गुपचूप मोबाइलमध्ये टिपून ठेव. महिनाभर आहे हातात, यादी आपोआप होईल.

माझं विचारशील तर मी त्या बॅगेवर उडी मारीन. आवडती वस्तू बिघडून कपाटात पडलेली असते, टाकवतही नाही आणि वापरताही येत नाही, ती दुरुस्त होऊन हातात आली की जो आनंद होतो तो नव्या वस्तूला नाही. आणि चेन "गेली" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा पूर्ण चेन गेलेली नसतेच, नुसता रनर सैल झालेला असतो, म्हणून तो पुढे सरकतो पण मागे दात उघडेच राहतात. पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू अगदी हलकेच दाबून बघ, एकदम जोर लावलास तर तुटेल. तेवढ्यापुरतं काम होतं, पण टिकाऊ हवं असेल तर रनरच बदलून घे, तो मिळतो सुटा. दात तुटले असतील तरच पूर्ण चेन बदलावी लागते. मग बॅग आतून झटकून, पुसून, आतल्या कप्प्यात दोन ओळींची चिठ्ठी ठेवून दे. झालं की सरप्राइज!

आणि सरप्राइज नाही जमलं तर नाही. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्लिन यांच्या २०११ च्या अभ्यासात असं निघालं की लोकांना स्वतः मागितलेली गिफ्ट जास्त आवडतात, पण देणारे उगाच न मागितलेलं काहीतरी शोधत बसतात. तिने तोंडाने सांगितलेलं असेल तर तेच दे, त्यात कमीपणा कसला.

प्रश्न : ताई, माझा बॉयफ्रेंड दुसऱ्या शहरात असतो. त्याला हाताने लिहिलेलं पत्र द्यायचंय पण मला लिहिता येत नाही, दोन ओळींत संपतं. नेटवरून एखादी छान कविता घेऊ का?

उत्तर : नको गं बाई! नेटवरची कविता त्यानेही कुठेतरी वाचलेली असते. आपलं लिखाण बावळट वाटेल ही भीती सगळ्यांनाच असते. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, तर लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कितीतरी जास्त आनंद झाला, आणि अवघडल्यासारखं वाटेल हा अंदाज तर फारच चुकला. शब्द बरोबर पडतायत का याची काळजी लिहिणाराच करत बसतो, वाचणारा त्यातली माया बघतो.

म्हणून "तू खूप चांगला आहेस" असलं लिहू नकोस, एक प्रसंग घे. समज, तुला ताप होता आणि तो व्हिडिओ कॉल चालू ठेवून काही न बोलता आपलं ऑफिसचं काम करत बसला होता, तू झोपलीस तरी कॉल कट केला नाही. हे लिही, तेव्हा तुला काय वाटलं ते लिही, तू त्याला तेव्हा सांगितलं नव्हतंस तेही लिही. पान भरतं की नाही बघ. खाडाखोड झाली तर राहू दे. आणि ते "उदास असशील तेव्हा उघड" टाइपचे पाकिटांचे गठ्ठे असतात ना, ते चार-पाच ठीक, त्यापुढे सगळ्यात तेच तेच येतं.

प्रश्न : आमच्या फोटोंची आणि सिनेमाच्या तिकिटांची वही करतोय. काही टिप्स?

उत्तर : तिकिटं आधी बघ, गुळगुळीत थर्मल कागदावरची असतील तर अक्षरं उडणारच, उष्णतेने तर लवकरच. आजच फोटो काढून किंवा झेरॉक्स करून ती चिकटव. सेलोटेप वापरू नकोस, काही वर्षांनी पिवळी पडून डाग सोडते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले नकोत, तिथे साइझ दाबला जातो, मूळ फाइल घे. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. आणि प्रत्येक फोटोखाली तारीख नाही, त्या दिवशी कशावरून भांडलात ते लिही, वाचायला मजा येते.

प्रश्न : ताई, लग्नाला खूप वर्षं झाली. यांना काही विचारलं की एकच उत्तर, "मला काही नको." खरंच काही नको असतं का हो?

उत्तर : वस्तू खरंच नको असेल, त्यावर विश्वास ठेवा. मग वेळ द्या. सिंडी चॅन आणि कॅसी मॉगिलनर यांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की वस्तूपेक्षा अनुभव भेट दिला तर नातं जास्त घट्ट होतं. खर्च कशाला करायचा त्यात? ते वर्षानुवर्षं न बोलता करतात असं एखादं कंटाळवाणं काम, बिलं भरणं म्हणा नाहीतर गाडीत हवा भरून आणणं, महिनाभर तुम्ही अंगावर घ्या. त्यातून मोकळा झालेल्या वेळात दोघं मिळून चालायला जा. फक्त "कधीतरी फिरायला जाऊ" असली कूपनं देऊ नका, ती ड्रॉवरमध्येच राहतात. वार आणि वेळ ठरवा आणि त्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर नेमके त्याच संध्याकाळी ते गाडी सर्व्हिसिंगला घेऊन जातील.