फेअर ट्रेड कपडे महाग घेतले तर गावातल्या लोकांना खरंच काही मिळतं का?
मिळतं, पण लेबल कशाचं आहे ते बघा. फेअरट्रेड कापसाला किमान भाव ठरलेला असतो, बाजार पडला तरी तोच आणि बाजार चढला तर बाजारभाव, शिवाय वरून प्रीमियम म्हणजे जादा रक्कम, ती शेतकऱ्यांच्या गटाकडे जाते नि तिचं काय करायचं, शाळा, पाणी की बियाणं, हे तेच मतदान करून ठरवतात. शिवणाऱ्याला काय मिळालं ते मात्र नुसत्या कॉटनच्या लेबलवरून कळत नाही हां.

आपल्याला इंदूरहून महेश्वर जवळच, किल्ल्यापाशी विणकरांसाठीच्या रेहवा सोसायटी या संस्थेत जाऊन या, विणकर बायका मागावर बसलेल्या दिसतील, महेश्वरी साडीचा दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ कसा निघतो तेही बघा. पॉवरलूमची नक्कल स्वस्तात मिळते खरी, पण त्यात या बायकांना काय मिळणार, काही नाही.